मानेवरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, आणि तीही अर्धी. अर्धी भरलेली नव्हे, अर्धी कापलेली. कमरेखालचे माझे सगळे अंग करवतीने वेगळे केले आणि ते भंगारात गेले. खांदे, मान आणि मानेवरच्या दोन लाल रेघा, एवढीच मी उरले आहे. गॅस भरायच्या खोलीच्या दाराशी मला एका जाड तारेने टांगले आहे. नवखा माणूस विचारतो, "ही घंटा आहे का?" दिसते मी तशीच. पण टिचकी मारली तर ठणकार उठत नाही. ठप्प असा एक मुका आवाज येतो, भरल्या पोत्यावर मूठ मारावी तसा.

घंटा नाही तर मग इथे कशाला, असे तुम्ही विचाराल. तेच सांगायचे आहे. ही गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण आजारी लेकराला आई जसे कडू औषध समोर बसून पाजते, तशी मी तुम्हाला ही पाजणार आहे. चमचा ओठांशी आला की तोंड फिरवू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या जाडजूड गोळ्याला यंत्राने दाबले, ओढले, तापवून त्याचा गळा आवळला, आणि मी झाले. जन्मताच परीक्षा. पोटात पाणी भरून असा काही दाब दिला की वाटले, आता फुटते. फुटले नाही. तेव्हा माझ्या खांद्यावर ठोकून कोरले, कधी तपासली आणि पोटात वायू किती वजनाचा मावतो. त्याहून एक घोट जास्त नाही. माणसाचे नशीब देव कपाळावर लिहितो म्हणतात. माझे खांद्यावर लिहिले. फरक इतकाच, की माझे वाचता येते. पण वाचता येते म्हणून माणसे वाचतातच, असे नाही.

मग माझ्या तोंडात एक पितळी व्हॉल्व्ह बसवला. त्याच्या आट्यांना कडक होणारा डिंक लावला, म्हणजे तो पुन्हा कधी फिरू नये. हे नीट ध्यानात ठेवा मित्रांनो, पुढची सगळी कथा इथे आहे. माझ्या गळ्याशी दोन सांधे. एक, माझा आणि व्हॉल्व्हचा. हा जन्माचा, कधी उघडायचा नाही. दुसरा, व्हॉल्व्हचा आणि मार्करचा. हा रोजचा, हाताने पिळून लावायचा, पिळून काढायचा. जन्माचा सांधा घट्ट आहे तोवर सगळे ठीक. तो सैल झाला आणि रोजचाच तेवढा घट्ट राहिला, तर बाटली ही बाटली राहत नाही.

मार्कर म्हणजे काय, तेही सांगते. रंग भरलेल्या मऊ गोळ्या फेकणारी ती एक बंदूक. कुणाला मारायची नाही, रंगवायची. म्हणून तिला मार्कर म्हणतात. गोळी फेकायला लागते ताकद, आणि ती ताकद माझ्या पोटात. तुम्ही नाकातून जो श्वास बाहेर सोडता, त्यातच हा वायू असतो, कार्बन डायऑक्साइड. तुमच्या श्वासात असतो तेव्हा त्याने समोरची ज्योतही धड हलत नाही. तोच दाबून, त्याचे पाणी करून माझ्या पोटात कोंडला, की त्याच्या अंगी हत्तीचे बळ येते. ज्याने श्वास दिला त्याची ही करणी. आपण नुसते सांभाळायचे.

मला विकत घेतले ते एका कुटुंबाने. शहराबाहेर एक बंद पडलेली लाकडाची वखार होती. तिथे ओंडके, टायर, रिकामी पिंपे रचून त्यांनी खेळाचे मैदान केले होते. थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, तो गिऱ्हाइके आणि मैदान पाही. त्याची बायको, वहिनी, गॅस भरे. धाकटा भाऊ पडेल ते काम करी आणि न पडेल ती बडबड. त्यांची आई दाराशेजारच्या नळावर बसून खेळाडूंचे मास्क साबणाने धुई आणि धुता धुता गाई. गाणे एकच, तेही देवाचे. "श्वास तुझा रे, उसना माझा." एवढीच ओळ ती घोळवत राही. आवाज फाटका होता, पण भाव असा, की मी भरत असताना ती ओळ कानी पडली तर वाटे, ही माझ्याविषयीच गाते आहे.

वहिनीची भरण्याची रीत मी अजून विसरले नाही. आधी खोलीची दोन्ही दारे सताड उघडायची. हा वायू जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत माणसाला झोपवतो. ती झोप पुन्हा उघडत नाही. मग माझ्या पोटातला उरलासुरला सगळा सोडून द्यायचा. मग काट्यावर ठेवून रिकामे वजन पाहायचे. थोडा गार वायू आत घालून पुन्हा सोडायचा, म्हणजे माझे अंग थंड होई आणि पुढचा नीट आत शिरे. मग काट्यावरच भरायचे, खांद्यावर कोरलेल्या वजनापर्यंत. दाबाच्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"अर्धी बाटली असो नाहीतर गच्च, दाबाचा काटा एकच आकडा दाखवतो," ती म्हणे. "वजन मात्र खोटं बोलत नाही."

जास्त भरले गेलेच, तर जास्तीचे सोडून देई. कारण ऊन लागले की आतले पाणी फुगते, आणि फुगायला जागा नसेल तर ते वाट शोधते. माझ्या व्हॉल्व्हवर एक पातळ चकती आहे. दाब हाताबाहेर गेला की आधी ती फुटते आणि बाटली वाचते. माझी एक बहीण अशीच एका गिऱ्हाइकाच्या बंद गाडीत दुपारभर राहिली. चकती फुटली, गाडीभर पांढरा धूर, आणि ते गृहस्थ काच खाली करून ओरडताहेत, "अहो, गाडी पेटली!" पेटली नव्हती, उलट बसायच्या गादीवर बर्फ धरले होते. त्या दिवशी सगळे हसले. वहिनी हसली नाही. तिने दारावर पाटी लावली, 'बाटली सावलीत ठेवा.'

भरून झाले की शेवटचे काम. वहिनी पदराच्या टोकाने माझी मान पुसे आणि स्वतःच्या नेलपॉलिशची लाल बाटली काढून गळ्याशी एक उभी रेघ पाही. रेघ अर्धी माझ्या मानेवर, अर्धी पितळी व्हॉल्व्हवर. पुसट झाली असेल तर गिरवी.

धाकट्याला ही आयतीच संधी.

"वहिनी, स्वतःची नखं कोरी आणि बाटल्यांची रंगवता? दादाला वाटतं बायको नटते. नटतात बाटल्या!"

"भावजी, बडबडण्यापेक्षा ती बाटली बादलीत बुडवा. बुडबुडे आले तर सांगा."

"आले! आले! नाही, नाही, ते माझ्या पोटात. भूक लागली."

नळावरून आई म्हणे, "अगं, याच्या तोंडालाही कुणीतरी व्हॉल्व्ह बसवा गं."

असे ते घर होते. मी लोखंडी फळीवर उभी राहून ऐके, आणि देवाची शपथ, त्या घरात बाटली होऊन राहणेही सुखाचे होते.

कामाचे दिवस चांगले गेले. खेळाआधी दादा प्रत्येक मार्करमधून वेग मोजायच्या यंत्रापुढे गोळी झाडून बघे. ठरल्यापेक्षा वेग जास्त निघाला की मार्कर बाजूला, मग खेळाडू कितीही मोठा असो. मास्कशिवाय मैदानात पाऊल नाही. नळी वर, बाटली खाली, असे धरले की पोटातले पाणी पोटातच राहते आणि वर नुसता वायू जातो. उलटे धरले, की पाणी मार्करमध्ये शिरते, आतल्या रबरी कड्या गारठून तडकतात आणि गोळ्या वेड्यावाकड्या सुटतात. घाईघाईने धडाधड झाडणाऱ्यांचे तर मला नवल वाटे. इतक्या जोरात वायू काढला की माझे अंग गार पडते, दाब उतरतो, आणि मग हेच म्हणणार, "ही बाटली मेली आहे." मेले नव्हते रे बाबांनो. दमले होते. थांबून थांबून झाडा, थंडीच्या दिवसांत तर फारच सबुरीने, म्हणजे मी शेवटच्या घोटापर्यंत साथ देते.

असेच एके दिवशी एका दांडगट हाताच्या खेळाडूने मला मार्करवरून काढताना हिसका दिला. मार्करच्या आत वाळलेले तेल होते आणि व्हॉल्व्ह तिथे चिकटला होता. रोजचा सांधा फिरेना, म्हणून जन्माचा फिरला. केसभरच. डिंक जुना झाला होता. तो आतल्या आत तडकला. मला कळले. पण मित्रांनो, मला तोंड आहे, वाचा नाही. माझी वाचा म्हणजे ती रेघ.

आणि रेघ बोलली. वहिनीने मला हातात घेतले, अंगठा मानेवरून फिरवला आणि थांबली. रेघ तुटली होती. मानेवरची अर्धी एकीकडे, व्हॉल्व्हवरची जराशी पलीकडे.

"सरकली," ती म्हणाली. तिने मला दारात नेऊन, तोंड माणसांपासून दूर धरून, हळूहळू रिकामे केले. गळ्याभोवती एक फडके बांधले आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या फळीवर ठेवले. त्या फळीला ते सगळे 'आजारी फळी' म्हणत. तिथल्या बाटल्या तपासणीच्या कारखान्यात जायच्या. तिथे व्हॉल्व्ह काढून, नवा डिंक लावून, पुन्हा पाण्याच्या दाबाची परीक्षा घेत. माझ्याशेजारी आणखी एक तशीच आजारी बाटली होती. आम्ही दोघी फडकी बांधून बसलो, गालगुंड झालेल्या मुलींसारख्या.

आम्हाला कारखान्यात न्यायच्या आधीच वहिनीच्या बहिणीचे बाळंतपण आडवे आले. बाईची प्रकृती नाजूक, घरात दुसरे कुणी नाही. वहिनीला जावे लागले. मैदान तेवढे दिवस बंद ठेवायचे ठरले. निघताना ती धाकट्याला म्हणाली, "बाटल्यांना हात लावू नका हं."

"हात कशाला लावू? नखं रंगवीन फक्त."

आणि त्याने तेच केले.

त्याचे मन मी तुम्हाला कसे दाखवू! वहिनी परत येईल तेव्हा तिला चकित करायचे, एवढेच त्याच्या मनात. आम्ही सगळ्या खरचटलेल्या, पोपडे निघालेल्या. त्याने निळा रंग आणला. वहिनीने शिकवलेले सगळे नियम पाळले. एकेकीतला सगळा वायू आधी सोडला. तोंडावर चिकटपट्टी लावली, म्हणजे रंग आत जाऊ नये. आम्हाला तारेवर टांगले ते सावलीत; आच दाखवली नाही, उन्हात ठेवले नाही. रंगवता रंगवता तो आईचीच ओळ गुणगुणत होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता. सगळ्या बाटल्या रंगवायच्या, तर फळीवरच्या दोघींनी काय पाप केले? त्याने आमचीही फडकी सोडली. मान, खांदे, व्हॉल्व्हचे बूड, सगळे निळे केले. तुटलेली रेघ निळ्याखाली गेली.

मग त्याच्या लक्षात आले, की वहिनीच्या रेघा झाकल्या. ती रागावेल. म्हणून त्याने नवे नेलपॉलिश आणले आणि जीभ दातांत धरून, हात न थरथरू देता, प्रत्येकीच्या गळ्यावर एक नवी लाल रेघ काढली. वहिनीच्या रेघेपेक्षा किती तरी सरळ. किती तरी सुंदर. मग आम्हा सगळ्यांना त्याने एकाच फळीवर ओळीने उभे केले.

रेघ हवी, हे त्याला माहीत होते. ती सांगते काय, हे त्याने हसण्यावारी नेले होते. एवढीच चूक. ही चूक एखाद्या दुष्टाला जमली नसती, मित्रांनो. त्याला तेवढे प्रेम लागते.

वहिनी परतली ती नेमकी स्पर्धेच्या सकाळी. गाडीतून उतरली ती तडक खोलीत. खिडकीशी खेळाडूंची झुंबड. आणि फळीवर आम्ही ओळीने, निळ्या, चकचकीत, लाल रेघांच्या.

"अगबाई!" तिने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आले. "भावजी, हे तुम्ही?"

"नाही, बाटल्या स्वतःच न्हायल्या." तो दारात मान वाकडी करून उभा. "रेघा बघा. मोजपट्टी लावून काढल्यात."

तिने कोपऱ्यात पाहिले. आजारी फळी रिकामी. तिला वाटले, त्या दोन बाटल्या कारखान्यात गेल्या. बाहेर खेळाडू ओरडत होते. तिने विचारले नाही. पण काम तिने चुकवले नाही. प्रत्येकीच्या गळ्यावरून अंगठा फिरवला. माझ्याही. रेघ अखंड. मला रिकामी तोलली, गार केली, वजनावर भरली, बादलीत बुडवली. एक बुडबुडा आला नाही. माझ्या सांध्यातली रबरी कडी अजून वायू कशीबशी अडवून होती.

मला मार्करवर चढवले आणि मी मैदानात गेले.

दिवसभर मी काम केले. शेवटचा खेळ संपला. एका खेळाडू मुलीने मार्कर खिडकीशी आणला. "अहो, ही बाटली निघत नाहीये हो."

"आणा इकडे. तुमच्या हातात बळ नाही, माझ्या हातात काम नाही." धाकट्याने मार्कर घेतला. मास्क त्याने चढवलेलाच होता. बाटली काढताना तिचे बूड कुणाकडे रोखायचे नाही, हा नियम. एका बाजूला ती मुलगी, दुसरीकडे नळावर आई. मागे खेळाडूंची रांग. तो बाकावर बसला, मार्कर गुडघ्यांत धरला आणि माझे बूड स्वतःकडे वळवून घेतले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हते. जागा नव्हती, म्हणून.

त्याने पिळायला सुरुवात केली. बाटली काढताना डोळे गळ्यावर हवेत. बाटलीबरोबर व्हॉल्व्ह फिरतो आहे ना, हे बघत राहायचे. व्हॉल्व्ह जागेवरच राहिला आणि नुसती बाटली फिरली, की तत्क्षणी थांबायचे. उलट पिळून मार्कर तसाच जमिनीवर ठेवायचा, सगळ्यांनी लांब जायचे आणि जाणकाराला बोलवायचे. हे त्याला ठाऊक होते. तेवढ्यात रांगेतल्या एकाने घाम पुसायला मास्क वर केला. धाकट्याने मान वर करून आवाज दिला, "ओ साहेब, मास्क! डोळे दोनच दिलेत देवानं!"

त्याची नजर तिकडे होती आणि हात फिरत होते. व्हॉल्व्ह फिरत नव्हता. मी फिरत होते. फुस्स असा आवाज आला. रोजच बाटली काढताना येतो तसा. तो हसतच होता. पुढचा आटा सुटला.

मग काय झाले, ते मला नीट सांगता येत नाही. इतका काळ कोंडलेले सगळे बळ एकाच दाराने बाहेर पडले, आणि मी उलट दिशेला गेले. उलट दिशेला त्याची छाती होती.

पांढरे धुके पसरले. आईच्या हातातला मास्क पडला. गाणे तिथेच, अर्ध्या ओळीवर थांबले. वहिनी धावत आली, तिने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि ती त्याला परत परत एकच सांगत होती, "श्वास घ्या भावजी. श्वास घ्या." दवाखान्याची गाडी आली. तोवर तिची मांडी भिजली होती आणि तो निपचित होता.

पुढचे दिवस मला चौकशी करणाऱ्यांकडे काढावे लागले. त्यांनी माझे वजन, माझी चकती, माझे आटे, सगळे पाहिले. भरताना चूक नाही, असे ठरले. व्हॉल्व्ह सुटला, असे ठरले. कसा सुटला, याचे उत्तर निळ्या रंगाखाली होते आणि तो रंग कुणी खरवडला नाही. मला आणि व्हॉल्व्हला वेगवेगळ्या पिशव्यांत घालून परत पाठवले.

घर मी ओळखले नाही. नळाशी पाणी नव्हते. आई सुनेशी बोलत नव्हती. ताट वाढलेले असले तरी पाठ फिरवून बसे. शेजारीपाजारी दबक्या आवाजात म्हणत, "बाटली हिनंच भरली होती ना?" दादाने एकदाच विचारले, आणि तेही भिंतीकडे पाहत, "तू तपासली होतीस ना गं?"

"रेघ धड होती हो," वहिनी म्हणाली. "देवाशपथ, धड होती."

आणि त्या प्रश्नाने तीच जास्त पोखरली. धड होती तर सुटली कशी? एके दुपारी ती खोलीत एकटीच बसली. माझ्या तोंडात तिने व्हॉल्व्ह हाताने फिरवून पूर्वीच्या जागी आणला, नवी लाल रेघ जुळवली, आणि पात्याने कडेचा निळा रंग हलकेच खरवडला. खालून लाल डोकावले. मानेवर एक तुकडा. व्हॉल्व्हवर दुसरा. दोन्ही एका रेषेत नव्हते. तिच्या स्वतःच्या हातची रेघ होती ती, आणि तुटलेली होती. ती कोपऱ्यातल्या रिकाम्या फळीकडे पाहत राहिली. मग तिला सगळे कळले.

तिने मला पदरात गुंडाळले. कुणाला दाखवले नाही. मी तिच्या छातीशी होते, तिचे काळीज मला ऐकू येत होते. दाखवले असते तर ती सुटली असती. पण मग दोष कुणाच्या नावावर गेला असता? जो आता उत्तर द्यायला नव्हता, त्याच्या. ती गप्प राहिली. सासूची पाठ, शेजाऱ्यांची कुजबुज, सगळे गिळून गप्प राहिली.

ती तशीच राहिलीही असती. पण पोटाची गरज कुणाला सुटली आहे? दादाने मैदान पुन्हा उघडायचे ठरवले. खोलीत येऊन त्याने निळ्या बाटल्यांवरून हात फिरवला. आई दारात उभी होती.

"नव्या बाटल्या घ्यायच्या नाहीत," तो म्हणाला. "याच वापरायच्या. त्याच्या हातचं शेवटचं काम आहे हे. या रेघा आहेत तोवर तो इथंच आहे."

आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "हो रे बाळा. याच राहू देत."

वहिनी उठली.

"नाही. या नाही वापरायच्या."

"का?"

तिने पदरातून मला काढून टेबलावर ठेवले आणि सांगितले. जुनी रेघ, नवी रेघ, आजारी फळी, सगळे. "मी आले त्या दिवशी फळी रिकामी दिसली आणि मी विचारलं नाही. तो दोष माझा. पण रेघ त्यांनी काढली."

आई पुढे आली. "मेलेल्यावर ढकलतेस? माझा पोर बोलायला नाही म्हणून?"

"आई, मला बोला. मारा हवं तर. पण फळीवर दोन बाटल्या होत्या. एक ही. दुसरी या सगळ्यांत आहे, आणि रेघ बघून ती आता मलाही ओळखता येत नाही." तिने पाते सासूच्या हातात दिले. "तुम्हीच खरवडा. मी हात लावत नाही."

मग आई खाली बसली. पहिली बाटली मांडीवर घेतली, लेकाने काढलेल्या सरळ सुंदर रेघेवर एकदा अंगठा फिरवला, आणि तिच्या कडेने खरवडायला लागली. खालची रेघ धड होती. तिने सुनेकडे रोखून पाहिले. दुसरी घेतली. धड. तिसरी. धड. तिच्या ओठांवर काहीतरी कडवट आले होते, बोलणारच होती. आणखी एक घेतली. निळ्याची खपली निघाली, आणि पाते थांबले.

तुटलेली.

माझी आजारी बहीण. भरून, काट्यावर तोलून, उद्या कुणाच्या तरी लेकाच्या हातात गेली असती.

आईने ती बाटली छातीशी धरली आणि ती अशी रडली, की लेक गेला त्या दिवशीही रडली नव्हती. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली. सासूने तिला दूर केले नाही.

"वेडा गं," ती म्हणाली. "वेडा पोर माझा. किती जीव लावून काढल्यान् रेघा." मग तिने पुन्हा पाते उचलले. "आण सगळ्या. एकही ठेवायची नाही."

दादा म्हणाला, "आई, तू राहू दे. मी करतो."

"मी त्याला जन्म दिला. मीच पुसते."

माझी सोडून तिने एकेक रेघ आपल्या हाताने पुसली. मांडीवर निळा आणि लाल चुरा साचला. शेवटी तिने तो झटकला नाही, पदरात बांधला.

मी कामातून गेलेलीच होते. कारखान्यात मला कापले, म्हणजे चुकूनही कुणी पुन्हा भरू नये. वरचा भाग आईने मागून घेतला. व्हॉल्व्ह परत बसवून कायमचा जखडायला लावला. म्हणून माझ्या गळ्यावर आज दोन रेघा आहेत. एक वरची, सरळ आणि झळझळीत. एक खालची, खरवडलेल्या जागेतून दिसणारी, पुसट आणि मोडलेली. दादा म्हणाला होता, "आई, ही वाजतसुद्धा नाही नीट." ती म्हणाली, "गोड वाजायला नाही टांगली."

मित्रांनो, वजनावर भरा, सावलीत ठेवा, मास्क काढू नका, तपासणीची तारीख चुकवू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच हात जोडून मागते, मला हात नसले तरी. मुक्या वस्तूंना बोलायला एखादीच खूण असते. रंगवायच्या आधी, पुसायच्या आधी, अगदी प्रेमाने नटवायच्या आधीसुद्धा, ती काय सांगते आहे ते वाचा.

आता बाटली काढायचे काम खिडकीशी कुणी करत नाही. ते वेगळ्या आडोशाला होते आणि वहिनीच करते, डोळे गळ्यावर ठेवून. आई नळाशी बसते, पण गात नाही. खेळायला आलेल्या प्रत्येकाला ती आधी माझ्यापाशी आणते. परवा एक शाळकरी मुलगी आली. आईने तिला विचारले, "सांग बघू, यातली खरी रेघ कुठली?"

मुलीने वरच्या झळझळीत रेघेवर बोट ठेवले. "ही. ही किती सरळ आहे!"

आईने तिचे बोट आपल्या ओल्या हातात धरले, वरच्या रेघेवर क्षणभर तसेच राहू दिले, आणि मग हळूच खालच्या मोडलेल्या रेघेवर नेले.

"ही गं बाळा," ती म्हणाली. "हिनं सांगितलं होतं."